सातविणीचा नारळ

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘जानकीबाय, स्टेजवर तुमचे पाय एवढे लटलटत का होते हो?’ आता काय सांगू ह्यांना? पाय माझे, लटलट माझी, सत्कार माझा, आणि चौकशा ह्यांच्या! बसा, तुम्ही तरी नीट बसा. तुम्हांला सांगते ते पहिल्यापासून सांगते, कारण अर्धं ऐकून उठून गेलेल्यांनीच सगळ्या साखळी गावात केलंय की जानकीच्या अंगात आलं म्हणून. अंगात काय येतंय माझ्या? पोलकं येत नाही धड, देव कुठून येणार? मी भ्याले होते, एवढंच. भीत नाही हो मी कोणाला, सगळ्या पेठेत विचारा, पण त्या दिवशी भ्याले, आणि का भ्याले ते ऐकलंत तर तुम्हीसुद्धा आज घरी जाताना त्या वळणावरनं मान खाली घालून जाल.

झालं असं की आपलं वेगळं राज्य होऊन वर्ष व्हायला आलं होतं. मग पहिला वाढदिवस करायला नको? कोणी म्हणालं नाटक करा, कोणी म्हणालं फुगड्या घाला, आणि आमचा गोकुळदास, तो कपडेवाला, त्याला गिऱ्हाईक नसलं की समाजसेवा सुचते, तो म्हणाला की आपण झाडं सांभाळू. गावात झाडं आहेत ती खाणीच्या धुळीनं लाल झाली आहेत, कोण त्यांना पाणी घालत नाही, तर आपण वृक्षमित्र मंडळ काढू, पणजीहून साहेब आणून रीतसर शिकून घेऊ, आणि वाढदिवसाला ज्यांनी झाड चांगलं सांभाळलं त्यांचा सत्कार करू. चांगली गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही. पण पहिल्याच सभेत भांडण. बोर्ड मराठीत लावायचा की कोंकणीत? ते दिवसच तसले होते, तुम्हांला आठवतंय ना, दोन भाऊ एका ताटात जेवत नव्हते त्या भाषेपायी! शेवटी मी उठले. म्हटलं, झाडाला पाणी घालायचं आहे ना? ते मराठीत घालू की कोंकणीत? का आधी झाडाला विचारून येऊ? बोर्ड राहिला बाजूला. आणि तिथंच माझं चुकलं, कारण गोकुळदासानं लगेच माझं नाव लावलं. म्हणाला, अशी बाई पाहिजे आपल्याला, जानकीबाय भीत नाही कोणाला.

आता हे माझं नाव कशानं झालं तेही सांगते. एकदा मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती आणि एका खाणीच्या ट्रकानं कडेनं जाऊन सगळ्या सोलांवर ती लाल माती उडवली. दुसऱ्या दिवशी मी कोयता घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ट्रक थांबला, मागचे थांबले, पार फोंड्याच्या बाजूला रांग लागली म्हणतात. डायव्हर खाली उतरला, विहिरीवर गेला, आणि सोलं धुवून दिली त्यानं. एकेक करून. तेव्हापासनं लोक मला भितात आणि मला वाटतं की मी कोणाला भीत नाही. दोन्ही अर्धंच खरं.

तर शिकवणी. दर रविवारी शाळेत, आणि बसायला पहिलीच्या पोरांचे बाक. माझी शाळा चौथीत सुटली, माहेरी, कोरगावला. तेव्हाही बाक एवढेच होते पण मी एवढी नव्हते. पणजीचे साहेब आले, बारीक, चष्मा, खांद्याला पिशवी, त्या पिशवीत माती. माणूस भला हो. झाडाबद्दल बोलायला लागला की वाटायचं आपल्या लेकीबद्दल बोलतोय. ‘बुंध्याशी पाणी ओतू नका. झाड तोंडानं पीत नाही. फांद्यांची सावली जिथं संपते ना, तिथं ते पितं.’ मला पटलं. मी घरी जाऊन लगेच आमच्या लिंबाला तसं घातलं. मग म्हणाले, पालापाचोळा जाळू नका, मुळावर पसरा. तेही पटलं. मग म्हणाले, झाडाला मारलेले खिळे काढा, प्रत्येक खिळा म्हणजे जखम. पटलं. आणि मग चष्मा पुसत म्हणाले, ‘बुंध्याभोवती परकी वस्तू एकही राहता कामा नये. एकही.’ आमच्या बाकाशेजारी तो दादू बसलेला, कोल्हापूरकडचा, त्या नव्या पुलाच्या कामावर सेंट्रिंग करतो, त्यानं ते वाक्य हात जोडून ऐकलं. देवळात ऐकतात तसं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग झाडं वाटली. आपल्या घरासमोरचा बदाम शुभांगीनं घेतला, तिला बदाम पडले की वेचायचे होते. गुलमोहर मास्तरांनी घेतला. तळ्याकडचा पिंपळ पुराणिकांनी, कारण पिंपळ म्हटल्यावर पुण्य फुकट. दादूला बसस्टँडवरचं करंजाचं झाड दिलं. असं करत करत शेवटी राहिली वळणावरची सातवीण. गोकुळदास म्हणाला, ‘वळणावरची सातवीण कोण घेतंय?’

शुभांगी पदर नीट करायला लागली, मास्तर बाकावरची खडूची धूळ पुसायला लागले.

बाहेरच्यांना सांगते, ती सातवीण, तुमची सप्तपर्णी, म्हणजे काय ते. साखळीत शिरताना जे वळण आहे, जिथं ट्रकवाले पण हॉर्न दाबून धरतात, तिथं ती उभी आहे, हे एवढं खोड. तिच्या मुळात राखणदार. त्या वाटेचा तो धनी. येणारा-जाणारा त्याला विडी ठेवतो, कोणी रोट, म्हणजे जाड भाकरी, ठेवतो, ज्याची मोठी अडचण तो दारूचा एक घोट ठेवतो, आणि वर्षातनं एकदा वहाणा. कातडी वहाणा, चांगल्या मापाच्या. का, तर तो रात्रंदिवस गावची सीम, हद्द, फिरतो, त्याच्या झिजतात. खोटं नाही सांगत, आमच्या कोरगावला भर दुपारी, जेवण करून माणसं कलंडली, कोंबडीसुद्धा ओरडत नाही असल्या वेळी, पाणंदीतनं आवाज यायचा. कर्र... कर्र... कर्र. माझा बापूस म्हणायचा, दार लोटून घे गो, तो चाललाय आपल्या कामाला. माझा बापूस देवळात सगळ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा, त्याला सगळं माहीत. आणि ह्या वळणावर तर धाकू गेलेला. आमच्या शेजारच्या बाबलीचा भाऊ. सायकलवर होता, ट्रकाखाली गेला. लोक म्हणाले त्यानं सकाळी सातविणीवर थुंकलं होतं. थुंकला नसेलही. पण गेला ना?

तर हात कोणी वर करीना, आणि मग एकेक मान माझ्याकडे वळायला लागली. ती शुभांगी गोड आवाजात म्हणते कशी, ‘जानकीबाय घेतील ना? त्या काय भीत नाहीत कोणाला.’

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? भीत नाही हो मी कोणाला... पण भिते असं सांगायला मी सगळ्यांत जास्त भिते. म्हटलं, घेते. आणि साहेबांना एवढा आनंद झाला की म्हणाले, उत्तम झाड, ह्याला इंग्रजीतसुद्धा सैतानाचं झाड म्हणतात. म्हणजे मला धीर द्यायला बोलले बिचारे!

पुढच्या रविवारी साहेब स्वतः झाड बघायला आले. मी हातोडी घेऊन खिळे काढत होते. तुम्हांला सांगते, त्या सातविणीला एका अंगानं ‘मराठीच पाहिजे’ ची पाटी, दुसऱ्या अंगानं ‘कोंकणीच जाय’ ची पाटी, मधे निळ्या रंगाची टायपिंग क्लासची, आणि तिघांचे खिळे सारखेच लांब. निळा रंग तर खिळ्यांच्या माथ्यावर पण लागलेला. सगळे उपटून मी दुधाच्या पावडरच्या डब्यात भरले, म्हटलं नंतर भंगारवाल्याला देईन, आणि डबा ठेवला मागच्या मुळाआड. इथपर्यंत मी खूश. एवढ्यात साहेब वाकले आणि बोट दाखवून म्हणाले, ‘आणि हे काय?’

हे म्हणजे त्याचं सामान. विड्यांचं बंडल, रोटाचा तुकडा, मेणबत्तीचे थेंब, एक बाटली, आणि वहाणा. झिजलेल्या. टाचेला अगदी भोक पडलेलं.

मी म्हटलं, साहेब, ते असू दे. ते म्हणाले, का? आता का म्हणजे काय सांगू? मागं गोकुळदास, मागं शुभांगी, मागं सगळे वृक्षमित्र. मी म्हटलं, ते... कोणाचं तरी आहे. ते हसले, तेही वाईट हसले नाहीत हो, म्हणाले, ‘जानकीबाई, झाडाला काय त्याचं? परकी वस्तू.’ आणि झाडू माझ्या हातात दिला.

मी डोळे मिटले आणि झाडू मारला. सगळं पाटीत भरलं, कचऱ्यात टाकलं. वहाणा हातानं उचलल्या. अजून ते कातडं बोटांना आठवतंय. ऊन होतं, पण वहाणा थंड होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि घरी आले ती विहिरीवर गेले, दोन कळश्या डोक्यावर ओतून घेतल्या आणि तुळशीपुढे बसून राहिले. कारण टाळ्या थांबल्यावर पहिला विचार माझ्या डोक्यात काय आला? आता तो अनवाणी आहे. मे महिना, रस्त्याला डांबर, दुपारी भाकरी भाजेल असलं तापलेलं, आणि तो त्यावरनं अनवाणी फिरतोय, आणि प्रत्येक पावलाला माझं नाव घेतोय.

तेव्हापासनं जे सुरू झालं ते ऐका. सोमवारी दूध नासलं. कोंबडी अंड्यावरनं उठली ती परत बसायला तयार नाही. आमच्या ह्यांची, यशवंतांची, दाढ सुजली, एवढी की पोदेराचा मऊ पाव चहात बुडवूनसुद्धा चावेना. हे म्हणाले दाढ जुनीच आहे. जुनी आहे म्हणून आताच सुजायची? दूध जाऊ दे, कोंबडी जाऊ दे, यशवंतांची दाढसुद्धा ने म्हटलं, पण मला भीती होती ती एकच. माझा साईश.

माझा एकुलता एक झील. मुरगावला बंदरात नोकरी, आठवडाभर तिथंच राहतो, आणि सुट्टीला घरी येतो ती स्कूटर घेऊन. निळी स्कूटर. आणि येणार कुठनं? दुसरी वाटच नाही. त्याच वळणावरनं, त्याच सातविणीच्या खालनं, पुढे ट्रक, मागे ट्रक, लाल धुरळ्यात समोरचं दिसत नाही. इतकी वर्षं तो यायचा तेव्हा माझ्या मनात असायचं की बाबा वळणावर कोणी तरी उभा आहे काठी घेऊन. आणि आता जो उभा आहे त्याच्याच वहाणा मी टाकल्यात! त्या शनिवारी तो आला तेव्हा मी दारातच त्याचे पाय चाचपले. तो म्हणाला, ‘आई, कितें जालां तुका?’ म्हटलं, काही नाही, बारीक झालायस. म्हणाला, पायान?

ह्यांना सांगून बघितलं. हे म्हणाले, देवचार, राखणदार सगळे राज्य झाल्यावर सरकारजमा झाले. हसण्यावारी नेलं. दाढ सुजलेली असताना माणूस हसतो कसा ते एक मला कळत नाही.

शेवटी मी ठरवलं, ज्याचं त्याला परत करायचं. सत्कार होता सोमवारी, राज्याच्या वाढदिवसाला, आदल्या रविवारी साईशला बंदरात पाळी होती, म्हणून तो सुट्टीच्या दिवशीच यायचा होता दुपारी. आईचा सत्कार बघायला मुद्दाम येणार, ‘पहिल्या रांगेत खुर्ची धर’ म्हणून सांगून गेलेला. आणि मांडव कुठं? गोकुळदासाची अक्कल, सातविणीच्या सावलीतच. तर मी रविवारी सकाळी, दूधवाला यायच्या आधी, गेले. नारळ घेतला घरच्या माडाचा, हळद-कुंकू लावलं, शेंडीला तांबडा दोरा बांधला. विड्या ठेवल्या. आणि वहाणा. आता वहाणा कुठनं आणणार मी पहाटे? आमच्या ह्यांनी म्हापशाच्या बाजारातनं नवीन आणलेल्या, सत्काराला घालायच्या म्हणून पेटीत ठेवलेल्या, अजून तेलसुद्धा न लावलेल्या, त्या घेतल्या. माप बरोबर आहे की नाही कोण जाणे, पण त्याला सैल करून घ्यायला सगळी रात्र पडलेली असते. सगळं मांडलं, हात जोडले, म्हटलं, झाडू मी मारला, माझ्या पोराला काही करू नको. हा नारळ घे आणि उद्या माझा साईश सुखरूप आण. घेतलास तर समजेन माफ केलंस. आणि मागं न बघता परत. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

सोमवार उजाडला. हे सकाळपासनं पेटी उपसतायत. ‘वहाणा खंय गेल्यो गो?’ म्हटलं, असतील, जुन्या घाला, तुमचा सत्कार नाही. मांडवात गेले तर पहिल्यांदा झाडाच्या मुळाकडे बघितलं. स्वच्छ! नारळ नाही, विड्या नाहीत, वहाणा नाहीत, माझा तिथंच विसरलेला खिळ्यांचा डबासुद्धा नाही. काय हलकं वाटलं सांगू! घेतलं म्हटलं. सगळं घेतलं त्यानं. डबा कशाला घेतला हे मनात आलं, पण म्हटलं आवड त्याची.

खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत मी साईशची धरून ठेवली, रुमाल टाकून. मोठे पाहुणे यायचे होते ते येईनात. रस्त्याकडे डोळे लावून सगळे बसलेत, गोकुळदास घाम पुसतोय, आणि शेवटी पाहुणे आले ते चालत. सफारीला धूळ, हातात रुमाल. म्हणाले, गाडी पंक्चर झाली, अलीकडेच. लोक म्हणाले अरेरे. मी मात्र खुर्चीवरचा रुमाल घट्ट धरला. आजच? ह्याच रस्त्यावर? आणि साईशची खुर्ची अजून रिकामी.

भाषणं झाली. साहेब बोलले, फार छान बोलले, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. प्रत्येक ट्रकाबरोबर मी मान वळवते. मग नावं पुकारली. दादूचा सत्कार झाला, करंज सगळ्यांत हिरवा त्याचा. शुभांगीचा झाला. मग गोकुळदास म्हणाला, आणि ज्या झाडाजवळ जायला धजत नव्हतं कोणी... इत्यादी इत्यादी, जानकीबाय. मी चढले. शाल घातली. पाहुण्यांनी तबकातनं नारळ उचलला, माझ्या ओंजळीत ठेवला.

मी खाली बघितलं.

शेंडीला तांबडा दोरा. माझाच दोरा, माझीच गाठ. कोणी तरी नारळ धुतलेला, पण डोळ्याच्या खाचेत कुंकू राहतं ना, ते राहिलेलं. माझ्या माडाचा, माझ्या हातानं वाहिलेला नारळ माझ्याच हातात परत! म्हणजे त्यानं घेतला नाही. त्यानं तो परत केला, चारचौघांत, पाहुण्यांच्या हातनं. मी म्हटलं, जानकी, संपलं. मान वर केली, समोर साईशची रिकामी खुर्ची, आणि तिच्या पलीकडे तो दादू उभा, टाळ्या वाजवतोय, आणि त्याच्या पायांत... ह्यांच्या वहाणा. नव्या. राखणदाराला दिलेल्या.

आता कळलं पाय का लटलटत होते?

कसं झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हांला आत्ताच सांगते, नाहीतर तुम्हीही भ्याल. दादूनं रविवारी दुपारी, कोणी न सांगता, माझी मदत म्हणून माझ्या झाडाचा बुंधा साफ केला. शिकवणीत सांगितलं होतं ना, परकी वस्तू एकही नको! डबा कचऱ्याच्या ढकलगाडीत ओतला, त्या गाडीच्या तळाला भोक, ती ढकलत नेली पार गावाबाहेर. नारळ चांगला दिसला म्हणून मंडळात नेऊन दिला, आणि तिथं गोकुळदासाचे नारळ कमी पडलेलेच होते. आणि वहाणा? ‘मावशी, सांच्यापातूर वाट बगितली, कोन न्यायला आलं न्हाई, मग म्हटलं उनात कशाला टाकायच्या.’ पण हे सगळं नंतर. तेव्हा स्टेजवर मला काय माहीत?

गोकुळदासानं मायक पुढं केला. ‘जानकीबाय, दोन शब्द.’ दोन शब्द मी पाठ केले होते, ‘झाडं आपले मित्र आहेत, धन्यवाद.’ तोंड उघडलं आणि एक शब्द येईना. लांब कुठं तरी ट्रकाचा ब्रेक ओरडला. आणि माझ्या छातीतनं, मला न विचारता, माझ्या बापसाचा आवाज आला.

‘बारे देवा म्हाराजा!’

मायकावर. सगळ्या साखळीला ऐकू गेलं. आणि लोकांचं काय, शंभर पिढ्यांची सवय, गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. सगळा मांडव एका आवाजात म्हणाला, ‘होय म्हाराजा!’

मग मला कोण थांबवणार? बाईमाणसानं गाऱ्हाणं घालू नये म्हणतात, पण पोर रस्त्यावर असलेल्या आईला काय सांगता? म्हटलं, ‘ह्या वळणावरच्या, ह्या सातविणीच्या मुळातल्या राखणदारा, आज ही लेकरां तुझ्या सावळेत जमली आसत...’ ‘होय म्हाराजा!’ ‘कोणाच्या हातान काय उचलला गेला आसात, कोणाच्या पायात काय गेला आसात, तर त्या सगळ्या पोटात घाल, झाडूची चूक झाडूर टाक, हातार टाकू नको...’ ‘होय म्हाराजा!’ ‘ह्या वाटेन जो ट्रक जाता, जी बस जाता, जी स्कूटर येता, निळी स्कूटर येता, तेका तुझ्या काठयेची वाट दाखय, आवशीचा पोर आवशीच्या दारात आणून सोड म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ आणि आता त्यात पाहुण्यांचा आवाज, गोकुळदासाचा आवाज, आणि तुम्हांला सांगते, माझ्या बाजूला तो पणजीचा साहेब उभा होता, चष्म्याखाली डोळे ओले, तोही म्हणतोय, होय महाराजा. शुद्ध मराठीत.

मी थांबले. आणि त्याच घडीला वळणावरनं आलं ते कोण? माझा साईश. घामानं निथळत, लाल मातीनं अख्खा मारुती झालेला, आणि स्कूटर हातानं ढकलत. मी स्टेजवरनं कशी उतरले मला माहीत नाही. नारळ काखेत, शाल पायात. त्याचं तोंड चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले. तो म्हणाला, ‘आई, सगळे बघतायत.’ म्हटलं, बघू देत. म्हणाला, ‘पंक्चर जाली गो. ह्या खिळ्यान. मैलभर ढकलत हाडल्या.’

आणि त्यानं मूठ उघडली. लांब खिळा. माथ्याला निळा रंग.

साहेबांनी तो खिळा त्याच्या हातातनं घेतला, मायकावर गेले आणि म्हणाले, बघा, झाडाला मारलेला खिळा शेवटी माणसालाच लागतो. लोकांनी सगळ्यांत मोठी टाळी त्या वाक्याला वाजवली. मी पाहुण्यांकडे बघितलं नाही. त्यांच्या डायव्हरनं चाकातनं कुठल्या रंगाचा खिळा काढला ते मी अजून विचारलेलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

तेवढ्यात आमचे हे दादूच्या पायांकडे बोट करून म्हणाले, ‘अगो, ह्यो म्हज्यो...’ मी त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात. वहाणा झाडाखाली कशा गेल्या ते सांगत बसले असते तर मग सगळंच निघालं असतं. दादूला म्हटलं, छान दिसतात रे तुला. तो लाजला. म्हणाला, ‘चालाया लागलं की आवाज लई करत्यात बगा.’

झालं का? नाही झालं. पोर घरी आलं, जेवलं, घोरायला लागलं, आणि माझ्यासमोर तो नारळ. त्याचा नारळ. काम तर त्यानं केलं ना? उशिरा का होईना, ढकलत का होईना, पोर आणलं ना दारात? मग त्याचं देणं त्याला नको द्यायला? फोडून खायची तर छातीच नाही माझी. सकाळी उठले, परत गेले, नारळ मुळाशी ठेवला, म्हटलं, बाबा, मधल्या माणसांचं मनावर घेऊ नको, हा तुझाच. आणि परत आले ती गाणं म्हणत आले. स्वयंपाक केला, जेवले, जरा कलंडले. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

कर्र... कर्र... कर्र.

पाणंदीतनं आवाज आला, अंगणात आला, पायरीवर आला. ह्यांना उठवायला हात उचलेना. दार लोटायला सुद्धा उठवेना. आणि दारातनं आवाज आला, ‘मावशी, जागं हायसा का? सत्काराचा नारळ इसरलासा बगा झाडाखाली. आता काय काळजी करू नगा. माजं रोज ध्यान असतंय तुमच्या झाडावर.’

तेव्हापासनं हेच चाललंय. मी ठेवते, तो आणून देतो. त्याला खरं सांगावं म्हणते, पण हा एवढा आनंदानं येतो, कपाळाचा घाम पुसत, की जीभ उचलत नाही. नारळातलं पाणी आटलं आता, हलवलं की आत खडखडतो. भीत नाही हो मी कोणाला. ट्रकाला नाही, मायकाला नाही, आणि त्या राखणदाराचं-माझं तर सगळं समजुतीनं मिटलंय. पण दुपारी पायरीवर त्या वहाणा वाजल्या की मी आधी देवाचं नाव घेते, म्हणते आज तरी तो स्वतःच असू दे... आणि मग उठून चहा टाकते. दादूला साखर जास्त लागते.